मातीचा मान आणि विम्याचा हप्ता

मराठवाड्याच्या बोलीत अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात आणि अंत्ययात्रेला जाण्यास ‘मातीला जाणे’. देह अग्नीला दिला जाणार असो की भूमीत पुरला जाणार असो, शब्द बदलत नाही. पूर्वी हैदराबाद संस्थानात, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील, धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे गाव आणि त्याच्या भोवतीची वाड्या-वस्त्यांची पंचक्रोशी याच बोलीची आहे. सोयाबीन, तूर आणि ज्वारीवर, म्हणजे पर्यायाने पावसावर, जगणाऱ्या या भागात मृत्यू ही जशी शोकाची घटना आहे तशीच ती घरातील रोख पैशाची परीक्षाही आहे, कारण शेतकऱ्याचे उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा येते आणि मृत्यू मात्र सुगी पाहून येत नाही. माणसाची माती त्याच्या कुळाच्या, पंथाच्या आणि गावाच्या रीतीने व्हावी, आणि तरीही मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर कर्ज राहू नये, या दोन्ही गोष्टी विमा साधू शकतो का, आणि साधू शकत असेल तर कोणत्या मर्यादेत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका शिवारातील अनेक रीती

अंत्यविधीचा खर्च समजून घेण्यापूर्वी अंत्यविधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण खर्चाचे स्वरूप रीतीनुसार बदलते. मराठा, माळी, धनगर आदी समाजांत सामान्यतः दहन होते. बांबूची तिरडी, मडके, कापड आणि सरपण ही पहिल्या दिवसाची सामग्री असते, तिसऱ्या दिवशी राख सावडली जाते, म्हणजे अस्थी वेचून उरलेली राख पाण्यात सोडली जाते, दहाव्याला पिंडदान होऊन कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते आणि तेराव्याला गोडजेवण घालून घर पुन्हा नित्याच्या व्यवहारात येते. त्यानंतरही मासिक, वर्षश्राद्ध आणि पितृपक्षातील तिथी अशी स्मरणाची साखळी चालू राहते.

धाराशिव, लातूर आणि सोलापूर या सीमावर्ती पट्ट्यात मोठ्या संख्येने असलेल्या लिंगायत समाजाची रीत मुळातच वेगळी आहे. या समाजात मृत्यूला ‘लिंगैक्य’ म्हणतात, म्हणजे जीव आपल्या इष्टलिंगाशी, गळ्यात आयुष्यभर धारण केलेल्या शिवलिंगाशी, एकरूप झाला असे मानतात. देहाला स्नान घालून, विभूती लावून, पद्मासनात बसवून सजवलेल्या विमानातून नेले जाते आणि खड्ड्यात बसलेल्या स्थितीतच, हाती इष्टलिंग ठेवून, विभूती व बेलाच्या पानांसह समाधी दिली जाते. पौरोहित्य जंगम करतात. तात्त्विक पातळीवर हा संप्रदाय सूतक मानत नाही. मृताच्या स्मरणार्थ नंतर शिवगणाराधना, म्हणजे भक्तांना भोजन, घालण्याचा प्रघात मात्र आहे. नाथपंथी आणि गोसावी समाजांतही बसवून समाधी देण्याची परंपरा आढळते.

मुस्लिम कुटुंबांत मृताला गुसल म्हणजे विधिपूर्वक स्नान घालून कफनात गुंडाळतात. पुरुषासाठी तीन आणि स्त्रीसाठी पाच वस्त्रे असा संकेत आहे. जनाज्याची नमाज होऊन शक्य तितक्या लवकर दफन केले जाते आणि पुढे अनेक घरांत तिसऱ्या दिवशीची जियारत व चाळिसावा पाळला जातो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांत त्रिशरण-पंचशील घेऊन अंत्यसंस्कार केले जातात आणि नंतर जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. या सर्व रीतींमध्ये एक गोष्ट समान आहे: पहिल्या दिवसाचा विधी साधा, सामुदायिक आणि तातडीचा असतो, तर नंतरच्या दिवसांचा विधी खर्चिक आणि प्रतिष्ठेशी जोडलेला असतो. विम्याच्या दृष्टीने हा भेद कळीचा आहे.

खांदा हाच जुना विमा

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे देऊन एखाद्यावर येणारे मोठे संकट वाटून घेणे. या अर्थाने पाहिले तर गावाकडे विमा फार पूर्वीपासून आहे. त्याला फक्त कागद नव्हता. मयत झाल्याचे कळताच भाऊबंद व शेजारी गोळा होतात, कोणी सरपण आणतो, कोणी तिरडी बांधतो, कोणी पाहुण्यांना निरोप धाडतो, आणि खांदा द्यायला माणूस कमी पडत नाही. मृताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या घरांतून भाकरी-पिठले येते. सोयरे दुखवट्याचा आहेर आणतात, ज्यात टोपी, टॉवेल, लुगडे किंवा साडी असते. आज ज्याने खांदा दिला त्याच्या घरच्या मातीला उद्या इतरांनी जायचे, हा अलिखित करार आहे आणि तो मोडणाऱ्याला गाव विसरत नाही.

या कराराची ताकद श्रमात आहे, रोख पैशात नाही, आणि अलीकडच्या काळातील अडचण नेमकी इथे सुरू होते. पूर्वी जे श्रमातून मिळत होते, त्यातील बरेच आता विकत घ्यावे लागते. बांधावरची झाडे कमी झाल्याने सरपण वखारीतून येते, मृत्यू जिल्ह्याच्या किंवा लातूर-सोलापूरच्या रुग्णालयात झाला तर शववाहिकेचे भाडे पडते, मंडप, खुर्च्या आणि आचारी भाड्याने येतात. ऊसतोडीसाठी किंवा पुण्या-मुंबईत मजुरीसाठी गेलेल्या माणसाचा मृत्यू दूर झाला, तर देह गावी आणण्याचाच खर्च मोठा असतो. आपली माती आपल्याच गावात व्हावी ही इच्छा या माणसांमध्ये इतकी खोल आहे की त्यासाठी कुटुंब उसनवारी करते, दागिना गहाण ठेवते किंवा सावकाराच्या दारात जाते. यात भर पडते ती जेवणावळीच्या स्पर्धेची. तेराव्याला किती पंगती उठल्या यावरून घराची पत मोजली जाऊ लागली की विधी मागे पडतो आणि देखावा पुढे येतो. कर्ज काढून दिवस-तेरावे घालू नका असे गाडगे महाराज (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनांतून जन्मभर सांगत राहिले, ते याच कारणासाठी.

जगातील दाखले

श्रमाच्या कराराला रोख पैशाची जोड देण्याचा प्रयत्न जगात फार जुना आहे. रोमजवळच्या लानुवियम या गावी इसवी सन १३६ मधील एक शिलालेख सापडला असून त्यात तेथील अंत्यविधी मंडळाचे नियम कोरलेले आहेत. सभासद होताना १०० सेस्टर्स, म्हणजे त्या काळची रोमन नाणी, आणि चांगल्या मद्याचा एक घडा द्यायचा, दरमहा ५ आस एवढी लहान वर्गणी भरायची आणि सभासद वारला की मंडळाने ३०० सेस्टर्स द्यायचे, त्यातील ५० अंत्ययात्रेला आलेल्यांत वाटायचे, असा हिशेब होता. सभासद गावापासून वीस मैलांपलीकडे वारला तर तीन माणसांनी तेथे जाऊन त्याचा अंत्यविधी करावा, असेही कलम होते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कामगारांच्या दफन मंडळांनी आणि पुढे आठवड्याला एक पेनी गोळा करणाऱ्या विमा कंपन्यांनी हेच काम केले, कारण सरकारी खर्चाने बेवारशासारखे पुरले जाण्याची भीती गरिबाला मृत्यूइतकीच वाटत असे.

इथिओपियातील ‘इद्दिर’ या शेजाऱ्यांच्या मंडळांकडे वर्गणीच्या पैशाबरोबरच मंडप, बाके आणि भांडीही असतात, त्यामुळे मृताच्या घराला ती भाड्याने आणावी लागत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत खाणीत कामाला गेलेल्या मजुरांचे देह दूरच्या गावी नेऊन पूर्वजांच्या भूमीत पुरता यावेत, या गरजेतून दफन मंडळे वाढली आणि पुढे तेथे अंत्यविधी विम्याचा मोठा बाजार उभा राहिला. मराठवाड्यातील ऊसतोड मजुराची गरज याहून वेगळी नाही. मात्र त्या देशाच्या अनुभवातला सावधगिरीचा भागही ध्यानात घ्यायला हवा: विम्याची रक्कम हाती येणार हे ठाऊक असले की अंत्यविधीचा देखावा वाढतो आणि परंपरेच्या नावाने बाजार वाढतो.

भारतातील योजना आणि त्यांची घडी

भारतात केवळ अंत्यविधीसाठीचा स्वतंत्र विमा जवळजवळ नाही. मुंबई परिसरात ‘सुखांत’सारखी एखादी कंपनी आगाऊ पैसे घेऊन पुढे अंत्यविधीची व्यवस्था करण्याची सेवा देते, परंतु तो विमा नव्हे, ती आधी ठरवलेली सेवा आहे, आणि ती महानगरापुरती आहे. बेंबळीसारख्या गावात कुटुंबाला मिळू शकणारा आधार वेगवेगळ्या योजनांत विखुरलेला आहे.

त्यातील सर्वात व्यापक म्हणजे मे २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. बँक किंवा टपाल खाते असलेल्या १८ ते ५० वर्षे वयाच्या व्यक्तीला तीत सहभागी होता येते, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात, आणि १ जून २०२२ पासून वार्षिक हप्ता ४३६ रुपये आहे. तिच्याबरोबरची सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयोगटासाठी असून वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण देते. शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. ती पूर्वी विमा कंपन्यांमार्फत चालत असे आणि २०२३ पासून थेट सानुग्रह अनुदानाच्या स्वरूपात आली आहे. सर्पदंश आणि वीज पडणे यांसारखे शिवारातील मृत्यू तीत येतात, नैसर्गिक मृत्यू येत नाही. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा १८ ते ५९ वयोगटातील कर्ता माणूस गेल्यास एकरकमी २० हजार रुपये मिळतात. अंत्यविधी हा शब्द प्रत्यक्ष वापरून दिली जाणारी मदत दोन ठिकाणी ठळकपणे आढळते: कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीसाठी १५ हजार रुपयांपर्यंत, आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्या ठरावीक वयोगटातील कामगारासाठी १० हजार रुपये.

ही यादी दिलासा देणारी दिसते, परंतु गावातील मृत्यूच्या वेळापत्रकाशी ती जुळवून पाहिली की तीन फटी दिसतात. पहिली फट काळाची आहे. माती त्याच दिवशी होते, तेरावा दोन आठवड्यांच्या आत येतो, आणि विम्याचा दावा मृत्यूच्या दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणजे विम्याचा पैसा अंत्यविधी करत नाही, तो अंत्यविधीसाठी काढलेले कर्ज फेडतो. दुसरी फट वयाची आहे. जीवन ज्योती योजनेचे संरक्षण वयाच्या ५५ व्या वर्षी संपते, तर ज्या वडीलधाऱ्यांची माती रीतीभातीने आणि साऱ्या भावकीच्या उपस्थितीत व्हावी असे घराला वाटते, ते बहुधा त्या वयापलीकडचे असतात. तिसरी फट ऋतूची आहे. या योजनेचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप वळता होतो. नेमक्या त्याच दिवसांत खरिपाचे बियाणे आणि खत घेऊन शेतकऱ्याचे खाते रिकामे झालेले असते. शिल्लक नसली की हप्ता जात नाही आणि संरक्षण संपते. घराला ते कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हिशेब गावाच्या पातळीवरचा

पहिली फट गावातच बुजवता येते. भारतातील ढोबळ मृत्युदर, म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे मृत्यू, सुमारे ६ ते ७ आहे. उदाहरणादाखल, दोनशे कुटुंबांनी, म्हणजे साधारण एक हजार माणसांनी, दरमहा प्रत्येक घरामागे २० रुपये जमा केले तर वर्षाला ४८ हजार रुपये होतात, आणि वर्षात सात मृत्यू झाले तर मृताच्या प्रत्येक घराला मातीच्या दिवशीच सुमारे ६,८०० रुपये देता येतात. सरपण किंवा कफन, गाडीभाडे आणि पहिल्या तीन दिवसांची गरज भागवायला एवढा आधार मोलाचा ठरतो. यात वयाची अट ठेवावी लागत नाही, त्यामुळे आजोबा-आजीही त्यात येतात. महिला बचत गटांची घडी गावोगावी बसलेली आहे, महिन्याची बैठक आणि हिशेबाची वही तयार आहे; त्यामुळे नवी संस्था उभी करण्याची गरज नाही. अशा निधीला ‘विमा’ म्हणता येणार नाही, कारण १९३८ च्या विमा कायद्यानुसार नोंदणीशिवाय विम्याचा व्यवसाय करता येत नाही. म्हणून तो परस्पर मदत निधी म्हणूनच चालवावा आणि शिल्लक असेल तेवढीच मदत मिळेल हे सभासदांना आधीच स्पष्ट सांगावे.

गावनिधीची मर्यादाही या जिल्ह्याने भोगलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. सास्तूरसारख्या गावांत खांदा देणारेही ढिगाऱ्याखाली होते आणि सामूहिक चिता पेटवण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्या संकटात सगळे गाव एकाच वेळी सापडते तेथे गावाने गावाला सावरण्याची व्यवस्था मोडून पडते. विमाशास्त्रात अशा धोक्याला सामायिक धोका म्हणतात, आणि तो पेलायला देशभरच्या लोकांची वर्गणी एकत्र करणारा मोठा निधीच लागतो. म्हणून गावनिधी आणि सरकारी विमा हे एकमेकांचे पर्याय नाहीत. पहिल्या दिवसाची रोकड गावाने द्यावी, मागे राहिलेल्या संसाराचा आधार विम्याने द्यावा.

जे विम्याने मिळत नाही

पैसा हाती असूनही परंपरा पाळता येत नाही, अशी एक परिस्थिती आहे आणि ती जागेची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात आपला देह मिठात पुरावा अशी इच्छा लिहून ठेवली होती आणि त्यासाठी राहत्या घरामागे खड्डाही तयार होता. परंतु २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाल्यावर पुणे नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि त्यांचे दहन करावे लागले. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालत रीतीलाच नवा अर्थ दिला, तरी मृताची इच्छा अपुरीच राहिली. मराठवाड्यात हा प्रश्न आजही जिवंत आहे. शेत असलेले लिंगायत कुटुंब आपल्या बांधावर समाधी देऊ शकते, भूमिहीनाला ते शक्य नसते. भटक्या समाजांना आणि दलित वस्त्यांना अनेक गावांत हक्काची स्मशानभूमी किंवा दफनभूमी नसते. आणि जिथे जागा आहे तिथे पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की रस्ता बंद होतो. राज्याच्या जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतींना स्मशानभूमीच्या कामासाठी निधी मिळू शकतो, तो दहनभूमीइतकाच दफनभूमीलाही मिळाला पाहिजे. पैसा कफन घेऊन देईल, कबरीची जागा ग्रामपंचायतीलाच द्यावी लागेल.

कोणता खर्च परंपरेचा आणि कोणता प्रतिष्ठेचा, याचा निवाडाही समाजालाच करावा लागतो. त्यासाठी कायद्यात आणि धर्मात आधार आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मृताच्या मालमत्तेतून अंत्यविधीचा खर्च सर्व कर्जांच्या आधी भागवण्यास मुभा दिली, परंतु तो खर्च वाजवी असावा आणि मृताच्या स्थितीला शोभणारा असावा अशी मर्यादा घातली. इस्लामी वारसा नियमांतही आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जफेड, मग मृत्युपत्रातील दान आणि शेवटी वारसांचा वाटा असा क्रम आहे. राजस्थानने १९६० मध्ये कायदा करून शंभराहून अधिक माणसांच्या मृत्युभोजावर बंदी घातली. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, पतीच्या अंत्यविधीच्या वेळी पत्नीचे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांसाठी त्याचे अनुकरण सुचवले. ग्रामसभेचा ठराव रीत बदलू शकतो, हे यातून सिद्ध झाले आहे. माणसाचा देह सन्मानाने मातीला मिळावा ही परंपरा आहे. त्याच्या लेकरांचे शेत गहाण पडावे अशी आज्ञा कोणत्याही परंपरेत नाही.

घरोघरी करता येण्याजोगे

या विवेचनाचा निष्कर्ष व्यवहारात उतरवायला मोठी साधने लागत नाहीत. घरातील प्रत्येक खात्याला आणि विम्याला वारसाचे नाव लावलेले आहे ना, हे एकदा बँकेत जाऊन पाहावे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्यात आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले वारस म्हणून नोंदली असतील तर रकमेवर त्यांचाच हक्क मानला जातो, त्यामुळे नाव लावण्याचे महत्त्व वाढले आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, बियाणे घेण्यापूर्वी, ४५६ रुपये, म्हणजे जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या दोन्ही योजनांचे हप्ते, खात्यात वेगळे राखावेत. मृत्यू झाल्यावर २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करावी, कारण त्यानंतर विलंब शुल्क आणि वरची परवानगी लागत जाते आणि दाखला अडला की सगळे दावे अडतात. राख सावडायला जमलेल्या भावकीतील एका जाणत्याने हे काम अंगावर घ्यावे, जसे दुसरा कोणी तिरडी बांधण्याचे काम न सांगता अंगावर घेतो. आणि बेंबळीसारख्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने येत्या वर्षात दोन ठराव करावेत: गावातील प्रत्येक समाजाला त्याच्या रीतीप्रमाणे मातीसाठी हक्काची जागा आणि तिथवर जाणारा बारमाही रस्ता मिळावा, आणि मातीच्या दिवशी कोणत्याही घराला उसनवारी करावी लागू नये यासाठी गावाचा मदत निधी सुरू व्हावा. गावाने आजवर खांदा द्यायला कधी नाही म्हटलेले नाही. आता महिन्याला वीस रुपये द्यायलाही त्याने नाही म्हणू नये.